किनारा नसलेली होडी

आमच्या मच्छीमार संघाच्या कंप्युटरात एक होडी आहे, तिला मालक नाही, इंजिन नाही, नोंदणी क्रमांक नाही. ती कुठल्या किनाऱ्याला लागते तो रकाना रिकामा आहे. तिला फक्त एक नाव आहे, ‘रवलेली’, आणि एक मोबाईल नंबर. मालवणीत रवणं म्हणजे राहणं, मागे उरणं. अशी होडी आमच्या किनाऱ्यावर कधीच नव्हती.

गेल्या आठवड्यात सचिवांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. नवीन ॲप येतंय, जुनी सगळी माहिती त्यात जाणार, आणि त्याआधी मी लिहून द्यायचं आहे की आमच्या तक्त्यात एकही खोटी नोंद नाही. म्हणजे ‘रवलेली’ पुसायची आणि खाली सही करायची. एका मिनिटाचं काम.

ते काम मी एकदा केलेलं आहे. म्हणून ज्या बाईंनी ही होडी घातली त्यांच्याविषयी आधी लिहायला बसलो आहे.

संघाचं काम बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या होड्या, त्या चालवणारे तांडेल, त्यांचे फोन यांची नोंद आमच्याकडे असते. वादळाचा इशारा आला की त्या नोंदीवरून आम्ही यादी काढतो आणि यादीतल्या प्रत्येक तांडेलाला मोबाईलवर संदेश जातो. तो संदेश ज्याला मिळतो तो होडी फिरवतो. बाकी आम्ही कितीही रजिस्टरं भरली तरी खरं काम हे एवढंच.

मी कुडाळच्या पलीकडचा, आतल्या गावचा. घरी भात आणि काजू. कोल्हापुरात कंप्युटरचा कोर्स करून आलो आणि पस्तिशीच्या आसपास संघात लागलो. बाई माझ्या आधीपासून तिथे होत्या. कराराची नोकरी, वर्षावर्षाने वाढवलेली. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, अंगाने काटकुळ्या, बाराही महिने हातात छत्री. मच्छीमार संघात नोकरी आणि मासे खात नसत. होडीत त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. शिपाई त्यांना चिडवायचे, की बाय, एकदा तरी देवबागच्या खाडीत फेरी मारून या, नाहीतर लोक म्हणतील संघात काय भरती करतात. त्यावर त्या सांगायच्या, ‘मी होडयेत बसूक नाय, म्हणान माका सगळ्यो होडयो सारख्यो.’

टायपिंगच्या क्लासात शिकलेल्या बाई. एसक्यूएल, म्हणजे तक्त्यातून माहिती मागायची मशीनची भाषा, त्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पानं सुटलेल्या एका पुस्तकावरून शिकल्या. प्रत्येक क्वेरी, म्हणजे मशीनला विचारायचा प्रश्न, आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने लिहायची आणि मग टाईप करायची. टाईप करताना मशीनशी मालवणीत बोलायच्या. ‘दी गो माका. होडयेचा नाव दी, तांडेलाचो फोन दी. खंयसून? ह्या तक्त्यातसून.’ मशीन अडलं तर ‘फुगलं मगे?’ म्हणून विचारायच्या. आमचा सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोपट्यात ठेवलेला एक जुना कंप्युटर. तिथे जाताना त्या चप्पल बाहेर काढायच्या. मी हसलो तेव्हा त्यांनी मला सांगितलं की देवळातसुद्धा त्या चप्पल घालून जातील, देव समजून घेईल, पण ह्या खोलीत वाळू गेली तर हे समजून घेणार नाही.

आमची पहिली झटापट माझ्या पहिल्याच आठवड्यात झाली. मिठबावकडची एक बाई नवऱ्याचा फोन नंबर बदलायला आली होती. तिने होडीचा क्रमांक सांगितला, मी टाईप केला, खाली काही आलं नाही. मी तिला म्हटलं, ही होडी आमच्याकडे नाही. ती बिचारी पहाटेची पहिली एसटी धरून आली होती. पलीकडच्या टेबलावरून बाई उठल्या.

‘नाय म्हणू नको,’ त्या मला म्हणाल्या. ‘गावना नाय म्हण. दोनांत फरक आसा.’

गावणं म्हणजे सापडणं. मग त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण घालून शोध घेतला. त्या खुणेचा अर्थ असा, की आधी काहीही असो, नंतर काहीही असो, मधे एवढं असलं की पुरे. होडी लगेच वर आली. कुणीतरी नोंद करताना आकड्याच्या आधी एक रिकामी जागा सोडली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, मशीनला दिसत होती. मिठबावची बाई समाधानाने गेली. मी मात्र चिडलो होतो, कारण हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं आणि सुचलं नव्हतं.

‘जाळ्यात इलो नाय म्हणजे दर्यात नाय, असा खंयचो रापणकर सांगता?’ बाईंनी वर मला ऐकवलं. मासे न खाणाऱ्या बाईने.

तेव्हापासून शिपाई त्यांना पाठीमागे ‘गावना नाय बाय’ म्हणायला लागले. त्यांना ते माहीत होतं. त्यांना एकूण ते आवडत असावं.

यादी रिकामी आली की त्या उठायच्या. नियमच होता. उठून ऑफिसला एक फेरी घालायच्या, नारळाखालून जाताना वर बघून मग जायच्या, माठातलं पाणी प्यायच्या आणि मग येऊन तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारायच्या. रिकाम्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. भरलेल्या यादीवर त्याहून कमी. ‘सगळे’ हा शब्द कुणी उच्चारला की त्यांची मान वर व्हायची. सगळे म्हणजे कोण, हा त्यांचा प्रश्न ठरलेला. एकदा मालवण स्टँडवर कंडक्टरने सगळ्यांनी तिकिटं काढली ना म्हणून विचारलं, तर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, असं विचारून कसं कळणार, ज्याने काढलं नाही तो कशाला बोलतोय? गाडी दहा मिनिटं उभी राहिली. मी त्याच गाडीत होतो आणि त्यांना ओळखत नसल्यासारखा खिडकीबाहेर बघत होतो.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट पेढ्यांची. सचिवांना परवान्याचं नूतनीकरण न केलेल्या होड्यांची यादी हवी होती. मी क्वेरी लिहिली, की ज्या होड्या नूतनीकरणाच्या तक्त्यात नाहीत त्या दे. उत्तर आलं शून्य. एकही चुकार होडी नाही. सचिव खूष झाले, अध्यक्षांना फोन गेला, आणि दुपारी पेढ्यांचा पुडा फिरला. बाईंनी पेढा घेतला नाही.

‘माका नको. आधी एक तरी चुकार गावांदे,’ त्या म्हणाल्या आणि वही घेऊन बसल्या.

तासाभरात त्यांनी शोधून काढलं. नूतनीकरणाच्या तक्त्यात एका ओळीत होडीचा क्रमांकच भरलेला नव्हता. त्या एका रिकाम्या घरामुळे मशीनने हात टेकले होते. ही होडी त्या तक्त्यात नाही असं म्हणावं, तर ते रिकामं घर तिचंच असेल तर? खात्री नाही म्हणून मशीनने एकाही होडीचं नाव दिलं नाही. आणि खात्री नाही असंही सांगितलं नाही. ते रिकामं घर वगळून बाईंनी परत विचारलं तेव्हा भलीमोठी यादी खाली आली. त्यांनी ती छापून सचिवांच्या टेबलावर पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याखाली ठेवली. सचिव त्यानंतर त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. खरं तर चूक माझी होती. पण ती दाखवली बाईंनी, म्हणून राग त्यांच्यावर. हे तेव्हा मला सोयीचं वाटलं, हेही कबूल करतो. ती सवय तिथून लागली असेल.

आता होडीचं सांगतो.

इशाऱ्याची यादी किनाऱ्यावरून काढायची अशी पद्धत होती, कारण इशाराच अमुक बंदरापासून तमुक बंदरापर्यंत असा येतो. होड्यांचा एक तक्ता, किनाऱ्यांचा दुसरा. प्रत्येक होडीसमोर तिच्या किनाऱ्याचा आकडा, आणि त्या आकड्याने दोन तक्ते जोडायचे. त्यासाठी लागणारे फॉर्म भरायला बाई स्वतः किनाऱ्याने हिंडल्या होत्या, छत्री घेऊन, आरोंद्यापासून वरपर्यंत. सगळीकडे ते सोपं गेलं. देवबागला अडलं.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मधे वाळूची पट्टी. तिथल्या काही होड्या हंगामात समुद्राच्या बाजूला असतात, वारा फिरला की खाडीत. त्यांना दोन घरं. फॉर्मवर रकाना एक. तांडेलांनी बाईंना विचारलं, एकच लिवूचा तर खंयचा लिवतलंस? बाईंनी तो रकाना रिकामा ठेवला आणि बाजूला शेऱ्यात ‘दोन्ही’ लिहिलं. अशा सतरा होड्या होत्या. सचिवांनी त्यांना वारंवार सांगितलं की समुद्राची बाजू भरून टाका, मोकळी घरं वाईट दिसतात. बाईंनी भरली नाहीत. त्यांनी क्वेरी अशी लिहिली, की किनारा जुळो न जुळो, होडी यादीत राहिली पाहिजे.

आणि त्याच सुमाराला त्यांनी तक्त्यात ‘रवलेली’ घातली. सगळी घरं रिकामी, फोन नंबर बाईंचा स्वतःचा. इशारा गेला आणि बाईंच्या पिशवीत फोन वाजला, की समजायचं, ज्याच्याकडे काहीच नाही तोही सुटलेला नाही.

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या गावच्या देवळात वर्षातून एकदा समाराधना असते, सगळं गाव जेवतं. शेवटची पंगत उठल्यावर चुलीतली लाकडं लगेच ओढत नाहीत. एक माणूस देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहतो आणि रस्त्याकडे तोंड करून तीन वेळा हाक मारतो, ‘कोण रवलो आसा काय?’ पूर्वी हे काम बाईंच्या वडिलांकडे होतं. लहानपणी त्यांना वाटायचं, तीन हाका मारल्या की झालं. वडील मात्र तिसऱ्या हाकेनंतर बराच वेळ तसेच उभे राहायचे.

‘हाक मारल्यार वायच थांबाक व्हया रे,’ बाई मला म्हणाल्या. ‘ऐकणाऱ्याक पाय आसतत, पंख नाय.’

त्या वर्षी मी पुन्हा कोल्हापूरला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो आणि नव्या दमाने परत आलो. तक्ते स्वच्छ पाहिजेत, अर्धवट नोंदी नकोत, असं डोक्यात घेऊन. ‘रवलेली’ मी पहिल्या दिवशी पुसली. चाचणीसाठी घातलेला कचरा, असं मी स्वतःला सांगितलं. तिचं काम काय होतं हे मला माहीत होतं. तरी पुसली. मग इशाऱ्याची क्वेरीही नव्याने लिहिली, छोटी, देखणी. तीत दोन्ही तक्त्यांत जुळेल तेवढंच यायचं. मोकळ्या घरांशिवाय यादी सुरेख दिसायला लागली. सचिवांनी पाठ थोपटली. बाईंना मी काही बोललो नाही. त्या समाराधनेसाठी चार दिवस गावी जाणार होत्या, आल्यावर सांगू असं ठरवलं.

त्या गावी असतानाच इशारा आला. सकाळी साडेअकराला. आभाळ स्वच्छ होतं, उन्हं पडली होती. मी यादी काढली, संदेश सोडले, पडद्यावर आलं, शंभर टक्के पोचले. सचिव माझ्या मागेच होते. त्यांनी अध्यक्षांना फोन लावून शंभर टक्के कळवलं.

वीसेक मिनिटांनी बाईंचा फोन आला. त्यांच्या गावात कुणाच्या तरी भावाला इशारा मिळाला होता, तो देवळात बोलला होता.

‘माझो फोन वाजूक नाय,’ बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, सगळ्यांना गेला, तुमच्याकडे तेव्हा रेंज नसेल.

‘सगळे म्हणजे कोण?’

‘सगळे म्हणजे सगळे, बाई.’

त्यांनी विश्वास ठेवला. त्यांच्या गावात रेंज कायमच वाईट, त्यामुळे माझं खोटं खरं वाटण्यासारखं होतं. त्या फोन घेऊन गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चढल्या, तिथे चार रेघा दिसतात, आणि संदेशाची वाट बघत उभ्या राहिल्या.

इकडे मी काय केलं तेही लिहितो. फोन ठेवल्याबरोबर मला कळलं होतं. मी क्वेरी बदलली. किनारा नसलेल्या होड्या दे म्हटलं. सतरा ओळी खाली आल्या, सतरा नावं, सतरा फोन. एक कळ दाबली असती तर संदेश गेले असते. पण सचिव मागेच उभे होते, आता आणखी कुणाला तरी फोनवर शंभर टक्के सांगत होते. मी पडद्यावरची ती खिडकी मिटून टाकली आणि ते जाण्याची वाट बघत बसलो. ते चहा घेऊन, दोन फोन करून निवांत गेले. तेव्हा साडेबारा वाजले होते. मी संदेश सोडले.

तोवर सड्यावर बाईंनाही समजलं होतं. चार रेघा आहेत आणि फोन गप्प आहे, म्हणजे रेंजचं कारण खोटं. पिशवीत चौकटीची वही होती, वहीच्या शेवटच्या पानावर त्या सतरा होड्यांचे नंबर पेन्सिलीने लिहिलेले होते. त्या उन्हात उभं राहून त्यांनी एकेक लावला. सोळा लागले. सतरावा लागला नाही. त्या तांडेलाने पुढे कमिटीत सांगितलं की त्याच्या फोनला सव्वाबारापर्यंत रेंज होती.

तिसऱ्या प्रहरी वारा सुटला. ती होडी संध्याकाळी खडकांवर गेली. चौघेही जिवंत आले. तांडेलाचा उजवा हात होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला होता. तो हात आता जागेवर आहे, पण त्याला काही धरता येत नाही.

कमिटी दहा दिवसांनी बसली. तांडेल हात गळ्यात बांधून आला होता. सचिवांनी वाचून दाखवलं, की संदेश न जाण्याचं कारण अपुरी नोंद, किनाऱ्याचा रकाना मोकळा सोडला, आणि तो सोडणाऱ्या बाईंनीच तक्त्यात एक बनावट होडीही घातली होती असं जुन्या प्रतीवरून दिसतं. बाईंपुढे कागद सरकवला गेला. त्यात निष्काळजीपणा मान्य करायचा होता आणि सतराही रकाने भरून द्यायचे होते. मग प्रकरण तिथेच मिटणार होतं.

कमिटीसमोर सगळे पुस्तकी मराठी बोलतात. आम्ही आतल्या गावचे तर जास्तच जपून. बाई त्या दिवशी मालवणीतच बोलल्या.

‘रकानो रिकामो आसा, ता खरा आसा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी भरलास काय खोटा. मी भरूचंय नाय.’

अध्यक्षांनी विचारलं, संघाच्या नोंदीत तुम्ही बनावट होडी घातली हे तरी खरं ना?

‘होय. घातलंय. परत घालतलंय.’

कुणीतरी हसलं. बाईंनी कागद परत सरकवला आणि मग विचारलं, ‘ती होडी पुसली कोणी?’

प्रश्न विचारून त्या थांबल्या. कुणाकडे बघितलं नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून, रस्त्याकडे बघावं तसं समोर बघत उभ्या होत्या. कंप्युटर कोणी कधी काय पुसलं ते नावानिशी लिहून ठेवतो, आणि ती नोंद वाचता येणारी माणसं त्या खोलीत दोनच होती. एक त्या, एक मी. मला कळलं की त्यांनी ती वाचली आहे. मला हेही कळलं की त्या माझं नाव घेणार नाहीत. पंखा फिरत होता. तांडेल एका माणसाकडून दुसऱ्याकडे बघत होता. मी समोरच्या फायलीची दोरी सोडत होतो आणि परत बांधत होतो.

मग अध्यक्ष म्हणाले, पुढचा विषय.

जिन्यात मी त्यांना गाठलं. काय बोलणार होतो कोण जाणे. त्यांनीच मला थांबवलं.

‘मी हाक मारलंय,’ त्या म्हणाल्या. ‘थांबलंय पण.’ आणि चौकटीची वही माझ्या हातात देऊन छत्री उघडून निघून गेल्या. त्यांनी सही केली नाही, राजीनामाही दिला नाही. त्यानंतर आणखी तीन महिने त्या रोज वेळेवर ऑफिसला आल्या, खोपट्याबाहेर चप्पल काढत राहिल्या आणि त्या सतरा रकान्यांना कुणाला हात लावू दिला नाही. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. वर्षाचा करार संपला तो वाढवला गेला नाही.

त्या गेल्यावर मी जुनी क्वेरी परत आणली आणि ‘रवलेली’ परत घातली. नंबर माझा. त्यानंतर प्रत्येक इशाऱ्याला माझा फोन वाजला आहे, आणि प्रत्येक वेळी मला वाटत आलं, फेडतो आहे. सहा वर्षं मी हे असं वाटून घेत राहिलो. तांडेल देवबागला एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे बसतो. पर्यटकांना लाईफ जॅकेट चढवतो, पट्टा दातात धरून डाव्या हाताने ओढतो. मी दिसलो की मान हलवतो. मी त्या रस्त्याने जाणं कमी केलं.

दोन वर्षांपूर्वी समाराधनेला बाईंच्या गावी गेलो होतो. सांगून टाकायचं ठरवून. बाई वाळल्या होत्या, पण शेवटच्या पंगतीनंतर पायऱ्यांवर त्याच उभ्या होत्या. हे काम बाईमाणसाने करायचं नाही असं गावातल्या काहींचं म्हणणं होतं, ते त्यांनी दोन वर्षं भांडून मोडून काढलं होतं. तीन हाका झाल्या. त्या थांबल्या. मी रस्त्याच्या बाजूनेच पुढे झालो आणि सगळं सांगितलं, पुसलेली होडी, रेंजचं खोटं, मिटलेली खिडकी. मिटलेल्या खिडकीचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

‘माका कित्या सांगतंस?’ त्या म्हणाल्या. ‘मी दर्यात हुतंय काय?’

मग मला जेवायला बसवलं आणि दोनदा भात वाढला.

त्यानंतर दोन वर्षं मी काहीच केलं नाही. आता हा कागद आला. एकही खोटी नोंद नाही, असं माझ्या सहीने. मी विचार केला की ह्या वेळी होडी पुसली, तर मी तीच गोष्ट दुसऱ्यांदा, सगळं माहीत असताना करतो आहे. इथवर लिहिलं, मग काल देवबागला गेलो.

दुपारची वेळ, पर्यटक जेवायला गेलेले. तांडेल जॅकेटं वाळत घालत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, त्याच क्रमाने, काही न गाळता. तो काम करत ऐकत होता. खिडकी मिटली तिथे त्याचा हात थांबला.

‘किती वेळ?’ त्याने विचारलं.

मी म्हटलं, पंचवीस-तीस मिनटां.

‘आणि माका रेंज हुती.’

‘हुती.’

त्याने उरलेली जॅकेटं दोरीवर टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आता तुका बरा वाटला आसतला. माका नाय वाटला.’ तो खाडीकडे वळला आणि त्याने विचारलं, ‘त्या होडयेक नंबर कोणाचो आसा?’

‘माझो.’

‘मेसेज धाडतलंस तू. वाजलो काय नाय, बघतलंस पण तूच.’ तो हसला, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. ‘काढ तुझो. माझो घाल. वाजलो नाय तर मी येतलंय थंय, तुझ्या दारात बसतलंय. माका आता दुसरो उद्योग नाय.’

सहा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. बाई पहारा करायच्या तेव्हा संदेश सोडणारा मी होतो. नंतर सोडणाराही मी आणि पहारेकरीही मीच.

आज सकाळी ऑफिसात आल्यावर पहिलं काम ते केलं. ‘रवलेली’समोर माझा नंबर काढून तांडेलाचा घातला. मालकाच्या घरात त्याचं नाव लिहिलं, त्याने लिहायला सांगितलं होतं. किनाऱ्याचं घर रिकामं ठेवलं. मग सगळ्या यादीला चाचणीचा संदेश सोडला. पडद्यावर आलं, शंभर टक्के. मी पडद्याकडे पाहिलं नाही. टेबलावर फोन ठेवून बसून राहिलो. मागे सचिव येऊन उभे राहिले, कागदाचं काय झालं म्हणून विचारलं. मी त्यांना थांबा म्हटलं. इतक्या वर्षांत प्रथमच म्हटलं. ते खरंच थांबले.

फोन आला.

‘वाजलो,’ तांडेल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सचिवांना मी सांगितलं की कागदावर सही होणार नाही आणि होडी पुसली जाणार नाही. नवीन ॲप रिकामा रकाना घेत नसेल तर ते ॲप आमच्या किनाऱ्याच्या उपयोगाचं नाही, हेही सांगितलं. सोमवारी कमिटी आहे. तिथे सही न केलेल्या त्या कागदाऐवजी हे लिहिलेलं वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून. तांडेल येतो म्हणाला आहे. बाईंना सकाळी संदेश पाठवला, त्यांचं उत्तर आलेलं नाही. त्यांच्या गावात रेंज वाईट आहे. सड्यावर चढायला त्यांना आता वेळ लागतो.

मी थांबलो आहे.